नंबरआजींचा दुसरा दगड

नंबरआजी रेशनच्या रांगेत नेहमी दोन दगड ठेवायच्या. कार्ड एक, रांगेतला नंबर एक, तरी दगड दोन. दोन्ही गोदावरीतले, काळे, चपटे, तळहातावर मावतील एवढे. एक त्यांचा स्वतःचा. दुसरा कोणाचा असं विचारलं की म्हणायच्या, "दगडूचा." दगडू म्हणजे त्यांचा मुलगा. आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून तिसऱ्याचं नाव दगडू ठेवलं होतं. "दगडाला कोन नेतंय, बाई?" असं त्या हसत सांगायच्या.

ईरा आणि निशांत, मागच्या महिन्यात तुम्ही फोनवर सांगितलंत की दर शनिवारी तुम्ही तिथल्या केंद्रात जाऊन गरजू म्हाताऱ्यांसाठी खाण्याचे डबे खोक्यांत भरता. मग विचारलंत, "आजी, तुमच्याकडे असं काही होतं का?" मी "होतं की, रेशन होतं" एवढंच म्हणाले आणि तिथल्या थंडीबद्दल विचारायला लागले. तुमच्या प्रश्नाबरोबर मला नंबरआजी आठवल्या होत्या, आणि त्यांच्याविषयी बोलायला गेले की माझा आवाज नीट राहत नाही. लिहायला मात्र मला जमतं. म्हणून लिहिते.

मी तीस वर्षं मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. तोवर रेशन आणणं हे तुमच्या आजोबांचं काम होतं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी निवृत्त झाले आणि पहिल्याच महिन्यात ते काम माझ्याकडे घेतलं, कारण आजोबा कार्डाची घडी करून खिशात घालत आणि ते घडीवर फाटत चाललं होतं. मी त्याला चिकटपट्टी लावली, प्लास्टिकचं आवरण घातलं आणि फाइलमध्ये ठेवून निघाले. दुकान आमच्याच गल्लीच्या टोकाला, पेठ नाक्याच्या अलीकडे. नऊला उघडतं अशी पाटी होती. मी पावणेनऊला पोचले तर दारात एकही माणूस नाही. जमिनीवर मात्र एक ओळ होती. पिशव्या, रॉकेलचे डबे, एक तुटकी चप्पल, अर्धी वीट, दोन काळे दगड. कोणीतरी पसारा टाकून गेलंय असं समजून मी तो ओलांडला आणि बंद शटरपाशी जाऊन उभी राहिले.

"बाई, मागं व्हा. एकवीस मानसांच्या म्होरं उभ्या हाय तुमी."

कडुनिंबाखाली एक बारकी, सावळी म्हातारी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मी म्हटलं, "कुठली माणसं?"

"ही काय." त्यांनी ओळीवरून बोट फिरवलं. "ही चप्पल रिक्षावाल्याच्या बायकोची. ही निळी पिशवीवाली, तिच्या सासऱ्याला दवाखान्यात नेलंय, ती दहाला येईल. ही वीट मिशीवाल्याची. बोला, तुमी काय ठेवता?"

माझ्याकडे फाइल होती. ती मी खाली ठेवायला वाकले.

"फायल नका ठेवू. शेळी खाती."

शेवटी चष्म्याचं घर ठेवलं. तेव्हापासून त्या रांगेत माझं नाव 'चष्म्याचं घर' असंच होतं. जिने हजारो मुलींना रांगेत उभं राहायला शिकवलं, त्या मला त्या दिवशी एका निरक्षर बाईने रांग म्हणजे काय ते शिकवलं. मला त्याचा रागच आला होता.

नंबरआजींना अक्षरओळख नव्हती, पण चाळीस-चाळीस वस्तूंचा क्रम त्यांच्या डोक्यात पक्का असे. कोणी आपली पिशवी हळूच पायाने पुढे सरकवली तर त्या बसल्या जागेवरून म्हणत, "पाय पुसायला पिशवी वापरतो व्हय रे?" पिशवी परत मागे जाई. या कामाबद्दल त्या कोणाकडून काही घेत नसत. त्यांची एकच अट होती. "वस्तू ठिवली म्हंजे मानूस हाय. त्येला कुनी हलवायचं नाय."

दुकानदार त्यांना वैतागे आणि थोडा घाबरेही. काटा स्थिर होण्याआधी त्याचं बोट पारड्याला लागलं की आजी सगळ्यांसमोर म्हणत, "बोट काढ. बोटाचं वजन तुज्या घरी कर."

"आजी, दुकान तुम्ही चालवता की मी?"

"दुकान तूच चालव बाबा. रांग मी चालवते."

मग दुकानदार मुद्दाम विचारी, "दोन दगड ठेवलेत, दोन नंबर हवेत की काय?" आजी दोन्ही दगड उचलून पदराला पुसत आणि म्हणत, "नंबर एकच दे. पर वाटा दोघांचा दे." कार्डावर त्यांचं आणि दगडूचं, अशी दोन नावं होती. धान्य माणशी मिळे. नाव आहे तोवर वाटा, असा साधा हिशेब.

पोटासाठी त्या घरोघरी जाऊन धान्य निवडून देत. आमच्याकडेही येत. ओटीवर सूप घेऊन बसल्या की बोटं अशी चालत, जणू धान्यच त्यांना सांगतंय खडा कुठे आहे ते. दगडूविषयी मी विचारलं तर म्हणत, "पिंपळगावला गेलाय. द्राक्षाच्या टेम्पोवर असतो." येतो का भेटायला? "आता कामाला सुट्टी कुठं असती, बाई?" मी मनातल्या मनात त्या दगडूच्या नावापुढे लाल फुली मारली. आईला धान्य निवडायला लावून हा हायवेवर टेम्पो फिरवतो.

दशक संपता संपता तीन रंगांची कार्डं आली. गरिबांना पिवळं, मधल्यांना केशरी, आमच्यासारख्यांना पांढरं. पांढऱ्यावर धान्य मिळत नसे, त्यामुळे माझं चष्म्याचं घर रांगेतून उठलं. पण नव्या कार्डांचे अर्ज लोकांना भरता येईनात. मी शनिवारी दुकानाच्या पायरीवर पॅड आणि पेन घेऊन बसायला लागले. माझी रांग अर्थातच नंबरआजींनी लावली. त्यांचा अर्जही मीच भरला. कुटुंबातील व्यक्ती: एक, त्या. दोन, दगडू, मुलगा. वय त्यांनी अंदाजाने सांगितलं, मी सुवाच्य अक्षरात लिहिलं. पिवळं कार्ड आलं तेव्हा त्यांनी ते उलटंच धरलं आणि विचारलं, "ह्यात दगडू कुठं हाय?" मी कार्ड सुलटं करून दाखवलं. त्यांनी त्या जागेवर अंगठा फिरवला.

पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एक दिवस जेवताना आजोबांच्या दाताखाली खडा आला. दुसऱ्या आठवड्यात माझ्या. मी काही बोलले नाही, पण इतर घरांनी त्यांना बोलावणं बंद केलं. रेशनचं धान्य स्वस्त असलं तरी फुकट नव्हतं, आणि आता त्यांच्याकडे तेवढंही नसे. त्याच सुमारास दुकानात एक सूचना लागली. ज्या वृद्धांना सांभाळणारं कोणी नाही, त्यांना दरमहा दहा किलो धान्य मोफत.

मला वाटलं, ही योजना कोणी नंबरआजींना समोर बसवूनच लिहिली आहे. फक्त एक अडचण होती. कार्डावर कमावता मुलगा असेल तर हा लाभ नाही. त्याचं नाव आधी कमी करावं लागणार. रेशनच्या भाषेत कार्डावरून नाव काढण्याला 'नाव कमी करणे' म्हणतात. मुलगी लग्न होऊन गेली की माहेरच्या कार्डावरून तिचं नाव कमी करतात आणि सासरच्या कार्डावर वाढवतात. माणूस गेला की कमी करतात. मी असे कितीतरी अर्ज लिहिले होते.

"दगडूचं नाव कमी करू या," मी म्हटलं.

"नाय."

"आजी, तो तुम्हाला बघत नाही, पाठवत नाही काही."

"ऱ्हाऊ द्या त्येचं नाव."

"अहो, महिन्याला दहा किलो मिळेल. फुकट. मरेपर्यंत."

"ऱ्हाऊ द्या म्हनते ना, बाई."

एवढ्या हट्टी त्या कधीच नव्हत्या. मला वाटलं, आईची माया आंधळी असते, तेव्हा डोळस माणसाने ठरवायला हवं. मुलांनो, पुढचं वाक्य लिहायला मी दोन दिवस घेतले आहेत. मी घरी बसून दोन अर्ज लिहिले. पहिला मोफत धान्याचा. दुसरा असा: मुलगा दगडू हा बऱ्याच वर्षांपासून पिंपळगाव येथे विभक्त राहत असून सांभाळ करीत नाही, तरी त्याचे नाव कमी करावे. शनिवारी त्यांना म्हटलं, "म्हाताऱ्यांच्या धान्याचा कागद आहे. तुमची गाठ मी घालून देते साहेबांशी, मग बघू." आणि दोन्ही कागदांवर त्यांचा अंगठा घेतला. दुसऱ्यात काय आहे ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. शाईचा अंगठा पुसायला मी त्यांना माझा रुमाल दिला आणि स्वतःवर खूश होऊन घरी आले.

तीन आठवड्यांनी पुरवठा कार्यालयातला एक कारकून चौकशीला आला. तो दुकानात धान्य वाटायचा दिवस होता. रांग भरलेली, मी पायरीवर, नंबरआजी कडुनिंबाखाली. कारकून सभ्य होता, थकलेला होता. त्याने माझाच अर्ज उघडला आणि मोठ्याने वाचला.

"आजी, मुलगा पिंपळगावला वेगळा राहतो म्हणता. त्याचा पत्ता सांगा. त्याचा जबाब लागेल."

आजींनी माझ्याकडे बघितलं. आधी त्यांना समजलंच नाही, मग समजलं. हे दोन्ही मी त्यांच्या चेहऱ्यावर एकामागून एक उमटताना बघितलं.

"कुनी लिवलं हे?"

मी म्हटलं, "मी. तुमच्या भल्यासाठीच."

त्यांनी ओळीतल्या दोन्ही दगडांकडे बघितलं. मग कारकुनाला म्हणाल्या, "पत्ता नाय साहेब. तो गेला. पिंपळगावच्या अलीकडं, हायवेला, टेम्पो उलटला. त्याला आठ वर्सं झाली."

 दुकानदाराच्या हातातलं माप तसंच राहिलं. आठ वर्षं म्हणजे मी पहिल्यांदा त्या ओळीपाशी गेले त्याच्याही आधी. मी ज्याच्यावर इतकी वर्षं चिडत होते, ज्याच्या नावापुढे फुली मारली होती, त्याला मी कधी बघणं शक्यच नव्हतं. आणि पिवळ्या कार्डावर त्याला जिवंत लिहिणारा हात माझाच होता.

कारकुनाने चष्मा काढला. "आजी, मग आठ वर्षं मयताच्या नावावर धान्य उचललंत? कोण खात होतं?"

 तेव्हा रांगेच्या बाहेरून, जिथे रांगेत नसलेली माणसं उभी असत तिथून, आवाज आला. "आमी खात होतो."

ती हिरा होती. आमच्या गल्लीच्या मागे इमारती उठत होत्या, त्यांवर पेठ तालुक्यातली माणसं कामाला येत. दिवाळीनंतर येत आणि भाताच्या लावणीला डोंगरात परत जात. हिरा पदराखाली मूल घेऊन पुढे आली. "आमचा कारड पेठला हाय, साहेब. हितं चालं नाय. आजी देती आमाला. दगडूचा म्हनून देती."

आजी हळूच म्हणाल्या, "तो गेल्यावर पयल्या महिन्याला मी दुकानात आले. ह्यानं सवयीनं दोघांचं मापून दिलं. घरी नेलं. माजं शिजवलं. त्येच्या वाटचं मला शिजवता येईना. हिची पोरगी दारात रडत व्हती. तिला दिलं." मग म्हणाल्या, "त्येच्या नावाचं कुनीतरी जेवतं ना, साहेब. म्हनून नाव ठिवलं."

कारकून कागदावर पेन टेकवून बसला होता. मयताचं धान्य उचललं असं लिहिलं तर कार्ड जाणार आणि वर कारवाई होणार, हे त्याला माहीत होतं, मलाही. त्याने मला विचारलं, "बाई, तुम्ही लिहिण्यातल्या. याला काय शब्द लिहू?"

मी म्हटलं, "अनवधानाने. मयताचे नाव अनवधानाने राहून गेले."

जन्मभर मुलींच्या वह्यांतले चुकीचे शब्द खोडले. त्या दिवशी मी स्वतः एक धादांत खोटा शब्द दिला, आणि त्याने तो लिहून घेतला. कार्ड वाचलं. दगडूचं नाव कमी झालं. माझा पहिला अर्जही मंजूर झाला, कारण आता आजींना खरोखरच कोणी नव्हतं. सगळं माझ्या मनासारखं झालं होतं. 

त्या दिवशी लोक पांगल्यावर मी त्यांच्यापाशी गेले. म्हटलं, "आजी, तुम्ही मला आधी सांगितलं असतं तर..."

त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "मला वाचाया येत नाय, बाई. पर तुमाला बोलाया येतं ना?"

पुढच्या महिन्यात मी दुकानाकडे गेले तेव्हा ओळीत त्यांचा एकच दगड होता. मी ओळ परत पहिल्यापासून बघितली. एकच. रांगेतला मिशीवाला माझ्याकडे बघत होता. त्याने मान वळवली.

त्यांना दहा किलो मिळायला लागलं. त्यातलं निम्मं हिराकडे जातंय हे मला दिवाळीनंतर समजलं, तेही दुकानदाराकडून. त्या स्वतः एक वेळ जेवत होत्या. मी डबा करून नेला. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला, परत लावलं. "छान केलंय. तुमच्या मालकांना द्या."

"आजी, माझ्यावरचा राग अन्नावर काढू नका."

"राग नाय वो. रेशनला नंबर असतो, बाई. मी नंबर लावून घेते. तुमच्या डब्याला कुठं रांग हाय?" आणि हसल्या. मग माझी लाज राखायची म्हणून असेल, त्यांनीच तोडगा काढला. "असं करा. हिराच्या पोरीला अक्षरं शिकवा. तिचा कागद तिला वाचता आला पायजे."

मी शिकवलं. दिवाळी ते लावणी, सलग चार वर्षं, त्याच पायरीवर. मुलगी हुशार होती. पहिल्यांदा सबंध ओळ वाचली ती पिवळ्या कार्डावरची सूचना. आजी शेजारी बसून ऐकत होत्या. "आता अंगठा मागितला तर आधी काय करशील?" त्यांनी तिला विचारलं. ती म्हणाली, "वाचीन." आजींनी टोमणा मारल्यासारखं माझ्याकडे बघितलंही नाही, म्हणून मला कळलं की त्यांनी मला माफ केलंय.

त्या गेल्या त्या वर्षी लावणीचेच दिवस होते. हिरा गावाला, मी तुमच्या बाबांकडे तिकडे आलेली. परत आले तेव्हा दुकानाचा दिवस होता. पाय आपोआप तिकडे वळले. ओळ लागलेली होती, पिशव्या, डबे, आणि सगळ्यांत पुढे तो काळा दगड. मला बरं वाटलं. कडुनिंबाखाली बघितलं तर जागा रिकामी होती.

दुकानदार म्हणाला, "तीन आठवडे झाले, बाई. झोपेतच गेल्या."

"मग हा दगड?"

"इथेच होता. कोणी हलवत नाही." त्याने शटर वर केलं आणि रिकाम्या दारासमोर हाक दिली, "नंबर एक!" क्षणभर थांबला. मग म्हणाला, "दोन." निळी पिशवी पुढे झाली.

दिवाळीनंतर हिरा आली तेव्हा तो दगड मी तिला दिला. तिने झोपडीत नेऊन दुसऱ्याशेजारी ठेवला. दगडूचा दगड इतकी वर्षं तिच्याकडे होता. त्याने ती मिरची वाटत असे.

आता माझं सांगते आणि थांबते. तुमचे आजोबा गेले त्याला पाच वर्षं झाली. कार्डावरून नाव कमी करायला काय लागतं ते मला तोंडपाठ आहे: मृत्यूचा दाखला, साधा अर्ज, मूळ कार्ड. मी सगळं फाइलला लावलं, अर्ज स्वतःच्या अक्षरात लिहिला आणि कार्यालयात गेले. नंबर घेतला. नंबर आला, माझं नाव पुकारलं, आणि मी उठून घरी आले. पुन्हा गेले नाही. पांढऱ्या कार्डावर कोणाचा वाटा नसतो, त्यामुळे कोणाचं काही अडलेलं नाही.

घरात मी एकटी आहे. कार्डावर आम्ही चौघं आहोत: आजोबा, मी, तुमचे बाबा, तुमची आत्या. तुम्ही आलात की दाखवीन. माझ्या प्रत्येक कागदावर कुठे ना कुठे चूक दाखवणारी पेन्सिलीची खूण असते, हे तुम्हाला माहीत आहे. त्या कार्डावर एकही नाही.